आपोआप पडले

आमच्या सणसरात मुलाचं लग्न जमवणं ही आता घरच्यांची एकट्याची गोष्ट राहिलेली नाही, ती सगळ्या गल्लीची जबाबदारी झाली आहे. मुलीच्या बापाला पुण्यात फ्लॅट पाहिजे, मुलगा कंपनीत कायम पाहिजे, शिवाय शेती पाहिजेच. फक्त शेतात जायला मुलीला सांगायचं नाही. त्यामुळं कोणी अनोळखी माणूस गल्लीत येऊन एखाद्या पोराबद्दल विचारू लागलं की आम्ही सगळे सावध होतो. भांडणं, हेवेदावे बाजूला ठेवायचे आणि पोराची तारीफ करायची. शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं, असं म्हातारी माणसं सांगतात. गावात इतर सगळ्या बाबतीत चार पार्ट्या असतील, पण या बाबतीत दुमत नाही.

मी सुरैय्या मुलाणी. रस्त्याला लागून आमची पिठाची गिरणी आहे, म्हणून पत्ता विचारणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडं येतो. मी तापट आहे. लोक तुम्हाला सांगतीलच, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

त्या दिवशी दुपारी गिरणीत गर्दी नव्हती. एक बाई स्कूटीवरून उतरली. तिशीच्या आतबाहेरची, साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला बॅग. ओढणीनं तोंडावरची धूळ पुसत तिनं हळूच विचारलं, "सोमनाथ शिरसट इथंच राहतात ना? जरा चौकशी करायची होती. मोठ्यानं नको, उगाच त्यांच्या नावाची चर्चा व्हायला नको."

ती एवढं दबकून बोलली तेव्हाच मला कळलं, मुलीकडची माणसं आली. ही मुलीची थोरली बहीण असणार.

खरं सांगायचं तर सोमनाथचं नाव ऐकून माझं डोकं फिरलं. हा सोमनाथ आमच्या समोरच्या घरातला, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. गेल्या वर्षी कारखाना सुरू असताना त्यानं दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर आमच्या गिरणीच्या दारात लावला, वर स्पीकरवर गाणी. दळणाला आलेल्या बायकांना आत यायला वाट उरली नाही. आमच्या ह्यांनी, म्हणजे सिकंदरनी, आवाज कमी कर आणि गाडी पुढं घे, एवढंच म्हटलं. शब्दानं शब्द वाढला आणि त्यानं ह्यांना पायरीवरून खाली ढकललं. डावं मनगट मोडलं, आणि आमचे हे डावखुरे. केस झाली. इंदापूरच्या कोर्टात हा पोरगा वकिलानं शिकवल्याप्रमाणं उभा राहिला आणि म्हणाला, "मी ढकललं नाही. ते आपोआप पडले."

हाड मोडल्याचं मला दुःख झालंच, पण हाड जुळतं. "आपोआप पडले" हे काही जुळेना. ज्या पायरीवरून हा माणूस वीस वर्षं धान्याची पोती घेऊन चढला-उतरला, तिच्यावरून तो आपोआप पडला? म्हणजे पडणं हा आमच्या ह्यांचाच छंद. कोर्टालाही ते पटलं नाही. सोमनाथ दोषी ठरला, शिक्षेचं पुढच्या तारखेला बघू असं ठरलं. तेव्हापासून तो आमच्या दारावरून जाताना मान खाली घालतो, आणि त्याची आई अक्काबाई दळणाचा डबा घेऊन माझ्या डोळ्यांदेखत खालच्या आळीच्या गिरणीत जाते.

आता त्याच पोराची चौकशी करायला ही बाई माझ्याच दारात उभी. तारखेआधी लग्न उरकून घ्यायचं अक्काबाईच्या मनात असेल, असं मी समजले. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी गिळलं. भाकरीचा कोरडा घास गिळावा तसं गिळलं, पण गिळलं.

"मुलगा कसा आहे?" तिनं वही काढली.

"सोन्यासारखा हाय," मी म्हणाले.

"काम काय करतो?"

"बारामती एमआयडीसीत हाय. कायम." सोमनाथ एमआयडीसीत एकदा कोणाचा तरी टेम्पो घेऊन गेला होता हे मी बघितलं होतं.

"काही व्यसन?"

"सुपारीचं खांड खात न्हाय."

"राग कसा आहे? पटकन चिडतो का?"

या प्रश्नाला मी गिरणीचा पट्टा नीट बसलाय का ते एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "चिडतोय कशाचा? मुंगी आडवी आली तर वळसा घालून जाईल."

एवढ्यात सोमनाथचा चुलता श्रीपती तिथं आला. त्याला आम्ही सगळे तात्या म्हणतो. तात्याला वास लागला की तो कुठूनही पोचतो. आल्या आल्या त्यानं पुतण्याला पाच एकर बागायत देऊन टाकली. अक्काबाईची सगळी मिळून दीड एकर आहे, त्यातली अर्धी खडकाळ. "आणि मी हाय की पाठीशी उभा," तात्या छातीवर हात ठेवून म्हणाला. "माझ्या जिवात जीव हाय तवर पोराला काय कमी पडायचं न्हाय."

बाई सगळं लिहून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. शेवटी तिनं मला विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगता?"

"सुरैय्या सिकंदर मुलाणी."

तिचं पेन थांबलं. "सिकंदर मुलाणी तुमचे मिस्टर? म्हणजे ज्यांचा हात मोडला ते?"

आता आली का पंचाईत. केसची बातमी मुलीकडं पोचली होती. तात्या माझ्याकडं बघत होता, शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन माझ्याकडं बघत होत्या. स्थळ मोडलं तर माझ्या दारात मोडणार होतं. मी काय केलं असेल? मी माझ्या या तोंडानं म्हणाले, "छे छे. ढकललं कुणी? ते आपोआप पडले."

बाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तात्याकडं. वही मिटली. "बरं," म्हणाली, आणि चहासुद्धा न घेता स्कूटीला किक मारून निघून गेली.

हे घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू यायला लागलं आणि ह्यांना हसू. "मग हळदीला कधी जायचं?" हे म्हणाले. "नवऱ्याला ढकलणाऱ्याचं लग्न जमवणारी सणसरात तूच पहिली."

मी त्यांना दोन शब्द सुनावणार, तोच अक्काबाई रस्ता ओलांडून आली. वर्षभरात पहिल्यांदा. आत आली नाही. गिरणीच्या पायरीवर, त्याच पायरीवर, बसली.

"ती मुलीकडची न्हवती, सुरैय्या," ती म्हणाली. "कोर्टाची मॅडम व्हती, बारामतीच्या हापिसातली. मला रानात येऊन भेटली. सोम्याला तुरुंगात धाडायचा का देखरेखीवर घरी सोडायचा, त्याचा अहवाल तिला लिवायचाय. साहेब त्यो वाचून ठरवणार."

"मग मी चांगलंच बोलले की."

"लई चांगलं बोललीस. त्येच तर झालं. मला म्हणाली, मुलाण्यांच्या बाईला तुमी काय धमकी दिली? जिच्या नवऱ्याचा हात मोडला तीच म्हणती आपोआप पडले, म्हंजी हितं दबाव हाय. आसा माणूस गावात मोकळा सोडला तर साक्षीदारांचं काय."

धमकी? मला? सुरैय्याला धमकी देणारा माणूस सणसरात अजून जन्मायचाय. माझा पहिला राग तर याचाच आला.

अक्काबाई पदरानं तोंड पुसत होती. "मी काय मागायला न्हाय आले. तुझा काय दोष न्हाय. माझ्या पोराचं नशीबच आसं, कुणी चांगलं बोललं तरी अंगाशी येतं." ती उठली आणि घरी गेली.

आता बघा, मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसले असते तरी सोमनाथ आत गेला असता, आणि कोणी मला नाव ठेवलं नसतं. मी तर त्याचं गुणगानच केलं होतं. वर्षभर मी मनात जे म्हणत होते ते आयतं घडत होतं. पण मला घास जाईना. ज्या दोन शब्दांनी मला वर्षभर जाळलं, ते आता सरकारी वहीत माझ्या नावावर लिहिलेले होते. आणि पायरीवरून उठताना अक्काबाईनं गुडघ्यावर हात टेकला होता, तेही डोळ्यांपुढून जाईना.

"उद्या बारामतीला जायचं," मी ह्यांना म्हणाले.

"कशाला?"

"त्या पोराबद्दल वाईट बोलायला."

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून आम्ही एसटीनं बारामतीला गेलो. ऑफिस शोधायला वेळ लागला, कारण "परिवीक्षा अधिकारी" हा शब्द रिक्षावाल्यालाही म्हणता येईना आणि मलाही. शेवटी "देखरेखीच्या मॅडम" म्हटल्यावर एकानं जिना दाखवला. मॅडमचं नाव पायल. त्यांनी आम्हाला बघितलं, आधी ह्यांच्या हाताकडं, मग आमच्या मागं कोणी उभं आहे का ते.

"बसा. घाबरू नका," त्या म्हणाल्या. "इथं कोणी ऐकत नाही. तुमच्यावर कोणी दबाव आणला?"

"तुमीच," मी म्हणाले. "तुमी लग्नाच्या चौकशीला आल्यासारखं कशाला विचारलं?"

त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. काम काय, व्यसन काय, राग कसा, घरात कोण, हे प्रश्न आमच्याकडं दुसऱ्या कशासाठी विचारतात? पायल मॅडमनी ओढणी तोंडाला लावली आणि खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मी लोणी भापकरची आहे हो," त्या म्हणाल्या. "माझ्या भावासाठी आमच्या गल्लीनं असंच केलंय. दीड वर्षाच्या बेकारीला धंदा म्हणून सांगितलं. मला कसं सुचलं नाही? पोराची बदनामी नको म्हणून मी कोर्टाचं नाव घेतलं नव्हतं."

"मग आता काय करायचं?"

"आता खरं सांगायचं. अहवालात सोन्यासारखा मुलगा लिहिला तर साहेब विचारतील, मग देखरेख कशाला? आणि हात कोणी मोडला?"

खरं सांगायची परवानगी मिळाल्यावर मी मागं हटले नाही. सोमनाथ शिरसटाबद्दल वर्षभर साठलेलं सगळं मी त्या टेबलावर ओतलं. रागीट आहे. बाप लवकर गेला म्हणून आईनं लाडावून ठेवलंय. गाणी एवढ्या मोठ्यानं लावतो की माझ्या जात्याचा आवाज मला ऐकू येत नाही. एमआयडीसीत कायम नाही, कुठंच कायम नाही. पण दारू पीत नाही, हे खरं. आईला उलट बोलत नाही, हेही खरं. आणि आमच्या ह्यांना त्यानं ढकललं, दोन्ही हातांनी, मी दळणाचा डबा उतरवताना या डोळ्यांनी बघितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला तेव्हा शेजारच्या खोलीतून शिपाई डोकावून गेला.

"बास, बास," हे म्हणाले. "पोराला फाशी द्यायची न्हाय."

पायल मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यावर दबाव नाही एवढी माझी खात्री झाली," त्या म्हणाल्या. "आता एकच सांगा. तो आत जावा असं वाटतं तुम्हाला?"

"वाटत व्हतं," मी म्हणाले. "आता न्हाय वाटत. आत जाऊन तो काय शिकणार हाय? पण त्यानं एकदा म्हणावं, की मी ढकललं. एवढंच म्हणावं. मला पैसा नको, काय नको."

"मी त्याला म्हणायला लावू शकते. अटच घालता येईल. पण सांगून म्हटलेलं तुम्हाला चालेल?"

"न्हाय चालायचं."

"मग मी त्याला काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या, आणि खरंच सांगितलं नाही. फक्त समजावलं, की कोर्टानं मानलं तर सोमनाथ वर्षभर घरीच राहील, कामावर जाईल, दर महिन्याला त्यांना भेटेल, कोणाशी मारामारी करणार नाही. त्या मधूनच न सांगता गावात येतील. गावातलं कोणी लक्ष ठेवणारं असेल तर बरं.

"माझी गिरणी त्याच्या दारासमोर हाय," मी म्हणाले. "लक्ष ठेवायला मला सरकारनं सांगायची गरज न्हाय."

तारखेला आम्ही इंदापूरला गेलो. मॅडमनी बोलावलं होतं. सोमनाथ इस्त्रीचा शर्ट घालून वकिलाशेजारी उभा होता, अक्काबाई भिंतीला टेकून. आमच्याकडं त्यानं बघितलं नाही. साहेबांनी अहवाल वाचला, अधूनमधून मान हलवली, आणि मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं: तुरुंग नाही, चांगल्या वागणुकीचा बाँड, वर्षभर देखरेख. फक्त एक जामीनदार पाहिजे, जमीनजुमला असलेला, आणि तो आजच पाहिजे. नाहीतर जामीनदार मिळेपर्यंत आत.

जामीनदार श्रीपतीतात्या होणार होता. अक्काबाईनं फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, उसाला तोडणीची टोळी आलीय, रान सोडता येत नाही. तिसऱ्यांदा फोन बंद. पाच एकर बोलून देणाऱ्याला अर्ध्या एकराचा उतारा द्यायला जमेना. अक्काबाई पोराकडं बघत राहिली आणि पोरगा फरशीकडं. कारकून घड्याळ बघायला लागला.

तेव्हा आमचे हे बाकावरून उठले.

"बसा खाली," मी म्हणाले.

"अगं, आपली गिरणी त्याच्या दारासमोर हाय," हे म्हणाले. "तो आत गेला तर अक्काबाईचं तोंड रोज आपल्यालाच बघायचंय. मला न्हाय झेपायचं." आणि गेले.

कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं मोबाईलवरून आमचा सातबारा काढून दिला. पॅन कार्ड ह्यांच्या खिशात होतंच. सोमनाथच्या वकिलानं कागदावरचं नाव दोनदा वाचलं. "हे तर फिर्यादी आहेत," तो मॅडमना म्हणाला. "चालतं का असं?" मॅडम म्हणाल्या, कायद्यात मनाई नाही, मीही पहिल्यांदाच बघते आहे. साहेबांना विचारलं, त्यांनीही चष्मा काढून ह्यांच्याकडं बघितलं आणि हो म्हणाले.

अडलं ते कारकुनाच्या टेबलावर. ह्यांनी सही केली. कारकुनानं पॅन कार्ड शेजारी धरलं. "सही जुळत नाही."

ह्यांनी पुन्हा केली. ती पहिलीपेक्षा वाकडी आली.

"अहो, कार्डावर बघा कशी सरळ आहे. ही तुमचीच सही आहे ना?"

"माझीच हाय, साहेब. हात मोडल्यापासून अशीच येतीय."

"हात कशानं मोडला?"

मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. ह्यांना मी बावीस वर्षं ओळखते. हा माणूस काय बोलणार ते मला दिसत होतं. टेबलाच्या पलीकडं पोरगा उभा, मागं त्याची आई. ह्यांनी खाकरून सुरुवात केली, "काय न्हाय, पायरीवरून जरा..."

"मी ढकललं त्यांला," सोमनाथ म्हणाला.

वकिलानं त्याचं कोपर धरलं. "तू काही बोलू नको."

सोमनाथनं हात सोडवून घेतला. "न्हाय, वकीलसाहेब. ते पडले न्हवते. मीच ढकललं. माझ्यामुळं मोडलाय हात." मग तो आमच्याकडं वळला. मी गेलं वर्षभर या घटकेसाठी केवढी भाषणं तयार करून ठेवली होती. त्यातलं एक अक्षर मला आठवेना. मला फक्त रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही.

कारकून एकदा ह्यांच्याकडं, एकदा सोमनाथकडं बघत होता. "म्हणजे ज्यानं हात मोडला त्याला तुम्ही जामीन?"

"व्हय," हे म्हणाले. "आता सही जुळत न्हाय त्याला मी काय करू? तुमीच सांगा."

कारकुनानं डोकं खाजवलं आणि शाईचा डबा पुढं सरकवला. "सहीशेजारी अंगठा द्या. डावा."

ह्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला, पण ते मनगट आता पूर्ण वळत नाही. अंगठ्याची नुसती कड उमटली. "सपाट टेका," कारकून म्हणाला. "सपाट." ह्यांनी पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला.

सोमनाथ टेबलाला वळसा घालून आला. त्यानं ह्यांचं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि कागदाकडं वळवू लागला.

"हळू," मी म्हणाले. वर्षभरानंतर त्याच्याशी मी बोललेला तो पहिला शब्द.

"व्हय, भाभी," तो म्हणाला, आणि हळू वळवलं.